विश्लेषण : झाडावर चढला म्हणून भावकी होत नाही! आंबोलीच्या बेडकाचे नाव बदलते तेव्हा नेमके काय बदलते?

मृगाच्या सरी सुरू झाल्या की कोल्हापुरातल्या जुन्या घरांच्या न्हाणीघरात, पाण्याच्या टाकीच्या झाकणाखाली किंवा परसातल्या केळीच्या पानावर एक सडपातळ, तपकिरी बेडूक येऊन बसतो. भिंतीला चिकटतो, हुसकावले तर लांब उडी मारून पुन्हा भिंतीलाच चिकटतो. त्याला बहुतेक जण ‘झाडबेडूक’ म्हणतात. याच जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, आंब्याच्या जंगलात आणि आजऱ्यावरून पुढे गेल्यावर लागणाऱ्या आंबोलीत, अंगठ्याच्या पेराएवढा दुसरा एक बेडूक झुडपाच्या पानावर बसून ओरडतो. त्यालाही लोक ‘झाडबेडूक’च म्हणतात. पहिल्याची पिल्ले पाण्यात वाढतात, दुसऱ्याच्या पिल्लांना डबक्याची गरजच नसते. पहिला भारतभर सापडतो, दुसऱ्याचे घर घाटमाथ्यावरच्या मोजक्या जागांपुरते आहे. दोघांना एकाच शब्दात गुंडाळले की कुणाला वाचवायचे आणि कसे, हेच कळेनासे होते.

वर्गीकरणशास्त्र म्हणजे जुन्या संग्रहालयांतल्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्याचा उद्योग, असा एक समज आहे. दर काही वर्षांनी एखाद्या बेडकाचे नाव बदलले की ‘यांना दुसरे काम नाही का’ असेही म्हटले जाते. घाटमाथ्यावरच्या बेडकांच्या बाबतीत तरी हा समज चुकीचा आहे आणि महागात पडणारा आहे.

‘झाडबेडूक’ नेमका कोणाला म्हणायचे?

कार्ल लिनियसने १७५८ मध्ये प्राण्यांच्या नावांची जी यादी छापली, तिथून प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची अधिकृत सुरुवात मानली जाते. त्या यादीत युरोपातला हिरवा झाडबेडूक ‘राना आर्बोरिया’ या नावाने होता. राना म्हणजे बेडूक, आर्बोरिया म्हणजे झाडावरचा. पुढे त्याला ‘हायला’ ही वेगळी प्रजाती मिळाली आणि हायलिडी हे कुल उभे राहिले. युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांत ‘ट्री फ्रॉग’ म्हटले की हे कुल डोळ्यांपुढे येते.

आपल्या घाटातले झाडबेडूक मात्र राकोफोरिडी या कुलातले आहेत. दोन्ही कुलांतल्या बेडकांच्या बोटांच्या टोकांना गोल चकत्या असतात. चकतीच्या पृष्ठभागावर षटकोनी पेशी, त्यांच्यामध्ये बारीक चर आणि चरांत चिकट द्रव. त्यामुळे ओल्या पानावर किंवा गुळगुळीत फरशीवर पाय टिकतो. शिवाय बोटाच्या शेवटच्या दोन हाडांमध्ये कूर्चेचा एक जादा तुकडा असतो, त्यामुळे चकती हवी तशी वळते. एवढे साम्य पाहून कुणीही दोघांना सख्खे भाऊ म्हणेल.

पण हाडे वेगळे सांगतात. हायलिडीच्या बोटाचे शेवटचे हाड नखीसारखे असते, तर राकोफोरिडीत ते टोकाला दुभंगलेले, इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे दिसते. डीएनएच्या तपासणीने तर निकालच दिला. कोल्हापूरच्या न्हाणीघरातला झाडबेडूक हा युरोपातल्या झाडबेडकापेक्षा आपल्याच भातखाचरातल्या डराव डराव करणाऱ्या पिवळ्या मोठ्या बेडकाच्या अधिक जवळचा आहे. हायलिडी आणि राकोफोरिडी यांच्या वाटा डायनासोरच्या काळातच वेगळ्या झाल्या. दोघांना झाडावर चढायची गरज पडली आणि दोघांनी स्वतंत्रपणे तीच युक्ती शोधली.

गावात दोन घरांचे आडनाव पाटील असले म्हणजे ती भावकी असते असे नाही. दोघांच्या पूर्वजांनी वेगवेगळ्या काळात एकच काम केले एवढाच त्याचा अर्थ. झाडबेडूक हे असेच कामावरून पडलेले आडनाव आहे.

मुंबईचा नसलेला ‘बॉम्बे’ बेडूक

नावांचा घोळ कसा होतो आणि कसा सुटतो, हे पाहण्यासाठी एकच बेडूक पुरेसा आहे. थॉमस नेल्सन ॲनन्डेल हे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक. ही संस्था १९१६ ची. त्यांनी १९१९ मध्ये मुंबई इलाख्यातल्या ओढ्यांतील बेडकांवर लिहिताना एका लहान झुडपी बेडकाला ‘इक्सालस बॉम्बेएन्सिस’ असे नाव दिले. नमुना होता कॅसल रॉकचा. हे ठिकाण आज कर्नाटकात, गोव्याच्या सीमेला लागून आहे. तेव्हा ते मुंबई इलाख्यात मोडत होते, म्हणून बेडूक ‘मुंबईचा’ झाला. प्रशासनाच्या सीमा बदलल्या, इलाखा गेला, राज्ये झाली. नावातली मुंबई तशीच राहिली. नियमानुसार जातीचे नाव एकदा रीतसर छापले गेले की ते केवळ गैरसोयीचे आहे म्हणून बदलता येत नाही. बेळगावपासून कारवारपर्यंतचा सीमावाद ज्यांच्या कानांवर रोज पडतो, त्या कोल्हापूरकरांना यातली गंमत वेगळी सांगायला नको.

नावाचा पहिला भाग मात्र हलत राहिला. ‘इक्सालस’ हे नाव बेडकांना देण्याआधीच, १८३७ मध्ये, एका सस्तन प्राण्यासाठी वापरले गेले होते. प्राणिशास्त्रात एक प्रजाती-नाव दोघांना चालत नाही. ज्याने आधी घेतले त्याचे. त्याही आधी या गटातल्या बेडकांसाठी सुचवलेले ‘ऑर्केस्टिस’ हे नाव एका सोंड्या भुंग्याने अडवून ठेवलेले निघाले. शेवटी १८४८ चे ‘फिलॉटस’ हे नाव टिकले आणि भारतापासून इंडोनेशियापर्यंतचे सगळे छोटे झुडपी बेडूक त्यात कोंबले गेले. तालुक्याच्या कचेरीत ‘इतर’ नावाची एक फाइल असते. कुठेच न बसणारा कागद तिच्यात जातो. फिलॉटस ही बेडकांच्या जगातली तशी फाइल होती.

ही फाइल २००९-१० मध्ये उघडली गेली. जनुकांची तुलना केल्यावर दिसले की जावा-बोर्निओकडचे खरे फिलॉटस आणि आपल्या सह्याद्रीतले बेडूक हे वेगळ्या फांद्यांवरचे आहेत. दिल्ली विद्यापीठाचे एस. डी. बिजू, पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले योगेश शौचे, ब्रसेल्सचे फ्रँकी बॉसुइट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये भारतातल्या या गटासाठी ‘राओर्चेस्टिस’ ही नवी प्रजाती मांडली. त्यातला ‘राओ’ म्हणजे सी. आर. नारायण राव, बेंगळूरुचे बेडूकतज्ज्ञ आणि ‘करंट सायन्स’ या नियतकालिकाचे पहिले संपादक. ‘ऑर्केस्टिस’ म्हणजे भुंग्याने अडवलेले ते जुने नाव. एका नावात शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास बसवला गेला. कॅसल रॉकचा बेडूक आता ‘राओर्चेस्टिस बॉम्बेएन्सिस’ आहे. आज या एका प्रजातीत ७० हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक पश्चिम घाटातल्या.

त्यातलीच एक महाराष्ट्राने दिलेली. पुण्याचे आनंद पाध्ये, अमित सय्यद, अनुश्री जाधव आणि नीलेश डहाणूकर यांनी २०१३ मध्ये ‘राओर्चेस्टिस घाटेई’ या जातीचे वर्णन केले. नाव प्राणिशास्त्राचे प्राध्यापक हेमंत घाटे यांच्यावरून. महाराष्ट्राच्या पश्चिम घाटात बऱ्याच ठिकाणी सापडणारा हा बेडूक त्याआधीही दर पावसाळ्यात ओरडतच होता. ऐकणाऱ्यांना तो वेगळा आहे हे माहीत नव्हते.

आंबोलीचा बेडूक श्रीलंकेच्या भावकीत कसा?

खरी गोष्ट इथे आहे. बिजू आणि बॉसुइट यांनी २००९ मध्ये पश्चिम घाटातल्या झुडपी बेडकांच्या १२ नव्या जाती एकाच शोधनिबंधात मांडल्या. त्यांत एक होती ‘फिलॉटस आंबोली’. सिंधुदुर्गातल्या, पण कोल्हापूरकरांच्या वर्षासहलीच्या यादीत कायम पहिल्या असलेल्या आंबोलीचे नाव जगाच्या प्राणिसूचीत गेले. आणि जवळपास त्याच सुमारास फिलॉटसची फाइल फुटल्याने आंबोलीच्या बेडकाचे पहिले नावही बदलले. तो ‘स्यूडोफिलॉटस आंबोली’ झाला.

स्यूडोफिलॉटस ही श्रीलंकेची प्रजाती आहे. तिच्यातल्या जवळपास सगळ्या जाती त्या बेटावर राहतात. भारतात असलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणजे आंबोलीच्या धुक्यात एकाच झुडपावर, हातभर अंतरावर बसलेल्या दोन बेडकांपैकी एकाची भावकी सह्याद्रीत पसरलेली, तर दुसऱ्याची समुद्रापलीकडे. भारत आणि श्रीलंका यांच्यामधला समुद्र उथळ आहे आणि पातळी खाली गेलेल्या काळात तिथे जमीन उघडी पडत असे. भारतातून काही बेडूक फार पूर्वी तिकडे गेले, तिथे त्यांच्या अनेक जाती झाल्या आणि नंतरच्या काळात त्यांच्यापैकी एक शाखा परत भारतात आली, असे जनुकीय अभ्यास सांगतात. आंबोलीचा बेडूक हा त्या परतलेल्यांचा वंशज. जुन्या नावात यातले काहीही दिसत नव्हते.

श्रीलंकेतल्या या भावकीचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. तिथल्या स्यूडोफिलॉटसच्या डझनाहून अधिक जाती नामशेष मानल्या जातात. त्यांपैकी अनेकांची ओळख केवळ संग्रहालयांतल्या १९ व्या शतकातल्या नमुन्यांवरून झाली. बरणीतल्या बेडकाकडे कुणी काळजीपूर्वक पाहिले, तेव्हा कळले की ही वेगळी जात होती. आणि रानात जाऊन शोधले तेव्हा ती उरली नव्हती. चहाच्या मळ्यांसाठी डोंगरावरचे जंगल त्याआधीच साफ झाले होते. काही जातींना नाव आणि मृत्यूचा दाखला एकाच वेळी मिळाला.

आंबोलीचा बेडूकही आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात नोंदला गेला. आंबोलीखेरीज त्याच्या नोंदी कोल्हापूर जिल्ह्यातल्या आंब्याच्या जंगलातून आणि कर्नाटकात कॅसल रॉकच्या बाजूने आहेत. एवढ्या छोट्या मुलखात एखादा रस्ता रुंद झाला, एखादी बाग उभी राहिली किंवा एखादा वणवा लागला तरी त्याचा हिशेब टक्क्यांत मोजावा लागतो.

‘नवी प्रजाती सापडली’ : बातमीतली चूक

इथे मराठी वर्तमानपत्रांचाही एक दोष सांगितला पाहिजे. राज्याच्या पाठ्यपुस्तकांत वर्गीकरणाची उतरंड अशी शिकवली जाते : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. प्रजाती ही वरची पायरी, जाती ही शेवटची. बातम्यांत मात्र नवी जाती सापडली की सरसकट ‘नवी प्रजाती’ असे छापले जाते. ‘जात’ या शब्दाला आपल्या समाजात जो वास चिकटला आहे, तो टाळण्यासाठी कदाचित हे होत असेल. पण त्यामुळे दहावीच्या मुलाने पुस्तकात वाचलेले आणि मोबाइलवर वाचलेले जुळत नाही. राओर्चेस्टिस ही २०१० ची नवी प्रजाती होती; राओर्चेस्टिस घाटेई ही २०१३ ची नवी जाती. पहिली घटना अनेक पटींनी मोठी. बातमीत मात्र दोघींचा मथळा एकच असतो.

नाव बदलल्याने कोल्हापूरला काय फरक पडतो?

फरक पडतो, कारण प्रजातीचे नाव हे त्या प्राण्याच्या जगण्याचा सारांश असते.

न्हाणीघरातला तपकिरी बेडूक ‘पॉलिपेडेटिस’ प्रजातीतला. आंबोलीत फांदीवरून झेप घेऊन तरंगत खाली उतरणारा, हिरव्या पाठीचा आणि तांबूस पडद्यांच्या बोटांचा मलबारी उडता बेडूक ‘राकोफोरस’मधला, त्याला टी. सी. जर्डन यांनी १८७० मध्ये नाव दिले. हे दोघे पाण्यावर झुकलेल्या फांदीवर किंवा टाकीच्या कडेला फेसाचे घरटे करतात. अंडी फेसात सुरक्षित राहतात, पिल्ले तयार झाली की खालच्या पाण्यात पडतात. त्यांना वाचवायचे तर पाणी हवे आणि पाण्यावर झुकलेली फांदीही हवी. तळ्याच्या सुशोभीकरणात काठ सिमेंटचे झाले आणि कडेची झाडे छाटली गेली, तर तळे भरलेले दिसेल, पण बेडकाचे घरटे टांगायला जागा उरणार नाही.

राओर्चेस्टिस आणि स्यूडोफिलॉटस यांचे सगळेच वेगळे. त्यांच्यात पाण्यात पोहणारी, शेपटीची पिल्ले नसतात. अंड्याच्या आतच पायांसकट पूर्ण बेडूक तयार होतो आणि मसुराएवढे पिल्लू थेट बाहेर पडते. अंडी पानावर, बांबूच्या पेरात किंवा जमिनीवरच्या ओल्या पालापाचोळ्यात असतात. या बेडकांसाठी वनतळे खोदून काही उपयोग नाही. त्यांना दाट झुडपांची सावली, ओलावा आणि न जळलेला पाचोळा हवा. उन्हाळ्यात ‘गवत चांगले येते’ म्हणून लावले जाणारे वणवे, ‘स्वच्छता’ म्हणून साफ केली जाणारी जंगलाखालची झुडपे, घाटरस्त्याच्या कडेची सरसकट छाटणी हेच त्यांचे खरे शत्रू. दोन्ही गटांना ‘झाडबेडूक’ म्हणून एकाच योजनेत टाकले तर त्यांच्यापैकी एकाच्या वाट्याला काहीच येत नाही.

आणखी एक उदाहरण झाडावरचे नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. कोयनेच्या परिसरातल्या एका भेकाचे वर्णन सोमण यांनी १९६३ मध्ये केले. त्याला तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे ‘ब्युफो’ या जगभर पसरलेल्या प्रजातीत टाकले गेले. आंबोलीतला एक पट्टेदार भेक २००९ मध्ये नवी जाती म्हणून पुढे आला. तेव्हा तपासात दिसले की हे दोघे एकमेकांचे सख्खे आणि बाकी भेकांपासून दूरचे आहेत. त्यांच्यासाठी ‘झँथोफ्रायनी’ ही स्वतंत्र प्रजाती करावी लागली. म्हणजे साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या या पट्ट्यात, जिच्या मधोमध कोल्हापूरचा घाटमाथा येतो, एक अख्खी प्रजाती आहे. आंबोलीचा भेक जांभ्या खडकावर साचलेल्या वीतभर खोल पाण्यात अंडी घालतो. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, चंदगड या तालुक्यांतले सडे बॉक्साइटसाठी प्रसिद्ध आहेत, आणि बॉक्साइट याच जांभ्याच्या थरात मिळते. ‘उजाड माळ’ अशी सरकारी दप्तरात नोंद असलेल्या सड्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत काय काय जगते, हे नावानिशी सांगता आले तरच तो उजाड नाही, असे सुनावणीत म्हणता येते.

केंद्राने ३१ जुलै २०२४ रोजी काढलेल्या मसुदा अधिसूचनेत पश्चिम घाटाचा ५६,८२५ चौरस किलोमीटरहून थोडा अधिक भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून प्रस्तावित आहे. त्यात महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौरस किलोमीटर. खाणींवर बंदी हे त्यातले कळीचे कलम. त्यावर गावोगावी मतभेद आहेत आणि शेतकऱ्यांच्या शंका खोट्या नाहीत. पण त्या वादात एका बाजूने ‘जैवविविधता’ आणि दुसऱ्या बाजूने ‘विकास’ असे दोन मोघम शब्दच आदळत राहतात. कोणत्या सड्यावर कोणती जाती आणि तिला काय लागते, एवढे ठाऊक असेल तर बोलणी गावाच्या नकाशावर होऊ शकतात. सगळे गाव बंद करण्याऐवजी एखादा ओढा, एखादी राई, एखादा सडा सोडा, असे म्हणता येते.

कायद्याला नाव लागते

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या जुन्या चौथ्या अनुसूचीत बेडकांची नोंद ‘राना’ या प्रजाती-नावाने होती. पाय निर्यात होत असलेल्या मोठ्या बेडकांचा विचार त्यामागे होता. ती निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली. पण वर्गीकरण पुढे सरकले आणि तो मोठा पिवळा बेडूक ‘राना’तून निघून ‘होप्लोबॅट्रेकस’मध्ये गेला. झाडबेडूक तर त्या नोंदीत कधी नव्हतेच. शास्त्राने नाव बदलले, कायद्याने जुनेच ठेवले आणि मध्ये कित्येक वर्षे गेली. २०२२ च्या दुरुस्तीने सहा अनुसूचींच्या चार झाल्या. तरीही नावांच्या याद्या दर काही वर्षांनी जाणत्या माणसाकडून तपासून घेण्याची पक्की पद्धत नसेल, तर हीच दरी पुन्हा पडणार. यात दोष बेडूकतज्ज्ञांचा नाही.

उलट बाजूचे उदाहरण आंबोलीतच आहे. हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या कुंडात सापडलेल्या एका छोट्या माशाला २०२० मध्ये ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव मिळाले आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. हीच हिरण्यकेशी पुढे आजरा-गडहिंग्लजच्या शेतांना पाणी देते. मासा त्याआधीही कुंडात होता. नाव मिळेपर्यंत सरकारी कागदावर त्याला जागा नव्हती.

कोल्हापूर जिल्ह्यात विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड अशी पाच संवर्धन राखीव क्षेत्रे अलीकडच्या काळात मंजूर झाली. राधानगरी अभयारण्य तर १९५८ पासूनचे आणि २०१२ पासून जागतिक वारसा स्थळांत आहे. या साऱ्याची आखणी गवा आणि वाघ यांच्या वाटा डोळ्यांपुढे ठेवून झाली. त्यात गैर काही नाही. मात्र वाघाला डोंगररांग लागते आणि झुडपी बेडकाला एक ओहोळ. वाघाच्या नकाशावर बेडकाचा ओहोळ दिसत नाही. त्यासाठी वेगळी यादी करावी लागते.

ती यादी करण्याची जागा खरे तर गावातच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. नोंदवहीत ‘बेडूक’ अशी एकच ओळ लिहून मोकळे होणे आणि पाच-सहा जातींची नावे, त्यांच्या जागा, ओरडण्याचे महिने लिहिणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाजी विद्यापीठाशी जोडलेल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आहेत. घाटालगतच्या एकेका गावाची नोंदवही एकेका वर्गाने पावसाळ्यात नीट केली, तर प्रकल्पाच्या फाइली रद्दीत जाण्यापेक्षा बरे.

मग नावे कितीही बदलू द्यायची का?

नाही. तक्रारीत तथ्य आहे तिथे ते मान्य केले पाहिजे. एखाद्-दुसऱ्या नमुन्यावरून घाईने नवी जाती जाहीर करणे, केवळ जनुकाच्या एका छोट्या तुकड्यातल्या फरकावर भिस्त ठेवणे, आवाज, शरीररचना आणि अधिवास यांचा पडताळा न घेणे, हे जगभर घडते आणि त्याने नुकसान होते. चुकीची जाती खोडायला दुसऱ्या कुणाला वर्षे घालवावी लागतात. २०१९ मध्ये ‘राकोफोरस’ या मोठ्या प्रजातीचे तीन भाग झाले. आपला मलबारी उडता बेडूक योगायोगाने जुन्याच नावात राहिला. असे प्रत्येक विभाजन राओर्चेस्टिसइतके गरजेचे असतेच असे नाही. नवे नाव त्या प्राण्याच्या नात्याबद्दल किंवा जगण्याबद्दल नवे काही सांगते का, ही कसोटी लावली तर बरेच वाद मिटतील.

नावे कुणाची द्यावीत, यावरही कुरबुर असते. केरळच्या दलदलीतल्या एका झाडबेडकाच्या प्रजातीला २०१३ मध्ये ‘मर्क्युराना’ असे नाव दिले गेले, तेही गायक फ्रेडी मर्क्युरीवरून. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या या मुलाचे बालपण सह्याद्रीत गेले, हा त्यामागचा धागा. हौस म्हणून ते खपून जाते. पण आंबोली, कोयना यांसारखी गावांची नावे प्राण्याला मिळतात, तेव्हा गाव त्याला आपला मानते, आणि हा फायदा कोणत्याही वलयांकित नावाला मिळत नाही. कोल्हापूरचे नाव लावणारी एक छोटी पाल २००९ पासून शास्त्रात आहे, ‘निमॅस्पिस कोल्हापुरेन्सिस’. ती किती कोल्हापूरकरांना ठाऊक असेल?

नाव प्रसिद्ध झाले की गर्दीही येते. पावसाळ्यात रात्री आंबोलीत टॉर्च आणि कॅमेरे घेऊन हिंडणाऱ्यांत जाणते बरेच असतात, पण चांगल्या फोटोसाठी बेडूक उचलून दुसऱ्या पानावर ठेवणारेही असतात. बेडकाची त्वचा हीच त्याची श्वास घेण्याची एक जागा. हातावरचे डासांचे मलम किंवा साबण तिला झेपत नाही. शिवाय एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात बुटांच्या चिखलाबरोबर रोगही जाऊ शकतो. जगभरातल्या उभयचरांचा २०२३ मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यानुसार त्यांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. पृष्ठवंशीयांत इतकी वाईट अवस्था दुसऱ्या कोणत्याही वर्गाची नाही.

हातातल्या फोनचा उपयोग

झुडपी बेडकांच्या बाबतीत फोटो अनेकदा फसवतो. एकाच जातीचे बेडूक पिवळे, तपकिरी, ठिपकेदार, पट्टेदार असे कसेही असतात, आणि दोन वेगळ्या जाती अगदी एकसारख्या दिसतात. आवाज मात्र सहसा फसवत नाही. ओरडतो तो नरच आणि मादी आपल्याच जातीचा आवाज ओळखून येते. त्यामुळे टक्-टक् किती वेळा, किती अंतराने, किती तीव्र, यांवरून तज्ज्ञ जाती सांगू शकतात. जूनच्या रात्री गगनबावड्याच्या किंवा आंब्याच्या एखाद्या घराच्या ओसरीवरून फोनमध्ये केलेले मिनिटभराचे रेकॉर्डिंग, त्यासोबत तारीख, वेळ, गावाचे नाव आणि पाऊस होता की उघडीप, एवढे असले तर ती शास्त्रीय नोंद होते. आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर ती टाकता येते. दुर्मिळ जातीची नेमकी जागा तिथे लपवताही येते. बेडकाला हात लावावा लागत नाही, झुडूप वाकवावे लागत नाही.

न्हाणीघरातल्या त्या तपकिरी पाहुण्याचा आवाजही याच फोनवर टिपता येईल. लाकडावर बोटाने ठोठावल्यासारखा तो येतो, बहुतेक टाकीच्या बाजूने. फेसाचे पांढरे घरटे टाकीच्या आत लागले असेल तर ते काढून फेकण्याऐवजी खाली पाण्याची बादली ठेवली तरी चालते. आठवड्याभरात पिल्ले तिच्यात उतरतात.